चाल त्यांची, शब्द आमचे

सिंधुदुर्गातल्या डबलबारीत, म्हणजे दोन बुवांच्या भजनी सामन्यात, गजराची वेळ झाली की मांडवातली मागची रांग पुढे सरकते. तोवर रूपाचा अभंग होऊन गेलेला असतो, समोरच्या बुवांना पुराणातला एखादा अडचणीचा सवाल टाकलेला असतो, दोन-चार टोमणे इकडून तिकडे गेलेले असतात. मग पेटीवर ओळखीची सुरावट निघते. अलीकडेच गाजलेल्या सिनेमातलं गाणं. शब्द मात्र वेगळे. नायिकेच्या जागी विठ्ठल नाहीतर गावची सातेरी, प्रियकराच्या जागी भक्त, आणि मधल्याच एका ओळीत समोरच्या बुवांना चिमटा. पखवाजवाला ती चाल आपल्या ठेक्यात ओढून घेतो, कोरस उचलून धरतो, आणि ज्यांनी तो सिनेमा पाहिला नाही व पाहणारही नाहीत अशी म्हातारी माणसं मांडीवर ताल धरतात.

हे पुस्तक लोकप्रिय गाणी, ती गाणारी माणसं आणि त्या गाण्यांवर रस्त्यात होणारा नाच यांविषयी आहे. म्युझिक व्हिडिओचं पुस्तक आणि सुरुवात भजनाने, हे वाचकाला चमत्कारिक वाटेल. पण मालवणच्या किनाऱ्यावरून या विषयाकडे पाहायचं तर मला दुसरी सुरुवात सुचत नाही. टीव्हीवर गाण्यांचे व्हिडिओ यायच्या कितीतरी आधी इथे नामवंत गायक होते, त्यांचे चाहते होते, चाहत्यांची भांडणं होती, आणि बाहेरून आलेली चाल उचलून तिच्यात आपला मजकूर भरायची सवय होती. नाचायला रस्ता होता, नाचायचं निमित्त शिमग्याला आणि गणपतीला हमखास होतं. व्हिडिओ आला तो या भरल्या घरात. त्याने काय आणलं, काय नेलं आणि इथल्या माणसांनी त्याचं काय केलं, एवढंच मला पाहायचं आहे.

आधी गायक. कणकवली, कुडाळ, मालवण या पट्ट्यात 'गाणारा माणूस' म्हटलं की डोळ्यांसमोर बुवा येतात. परशुराम पांचाळ, काशीराम परब, चंद्रकांत कदम, विलास पाटील, रामदास कासले, भगवान लोकरे, प्रमोद हर्याण. अशी दोन नावं एका बॅनरवर आली की शेजारच्या तालुक्यातून टेम्पो भरून माणसं येतात. बॅनरची भाषाही वाचण्यासारखी असते. 'जंगी सामना' तर असतोच. क्रिकेटमध्ये वीस षटकांचा खेळ आल्यावर 'ट्वेंटी-ट्वेंटी डबलबारी' आली. तीन बुवा असतील तर सामना 'तिरंगी'. मंडळाचं नाव मात्र अजूनही अमुक देवाचं 'प्रासादिक भजन मंडळ'. यातली विसंगती बाहेरच्या माणसाला खटकते, गावाला कधी खटकलेली नाही. पुष्कळ बुवा मुंबईतले चाकरमानी: नोकरी मुंबईत, सरावही मुंबईत, आणि खरा सामना गावच्या देवळासमोर. सामना संपल्यावर परतीच्या वाटेवर चर्चा रंगते ती रागदारीची नसते. ''आज बुवांनी समोरच्याक गप केल्यानी,'' हा निकाल.

या सामन्यांच्या कॅसेटी निघाल्या, मग व्हीसीडी आल्या, आता यूट्यूब आहे. २०१६च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि मोबाइलवरचा डेटा स्वस्त झाला. त्यानंतर नालासोपाऱ्याच्या लोकलमध्ये उभा असलेला माणूस कानात इअरफोन घालून कणकवलीची डबलबारी ऐकू लागला. रात्रभर चाललेल्या सामन्याचे तुकडे पडले. सर्वांत जास्त पाहिले जातात ते गजर आणि टोमणे. अभंग मागे पडला. त्याबद्दल जुने बुवा कुरकुर करतात, आणि ती कुरकुर मला खोटी वाटत नाही. गजर ज्या अभंगाच्या जोरावर उभा राहायचा तो ऐकलाच नाही तर गजर म्हणजे नुसतं सिनेमाचं गाणं उरतं.

जगाच्या दुसऱ्या टोकाला जे घडलं ते इथे आठवल्यावाचून राहत नाही. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात डीजे कूल हर्क या तरुणाने एका इमारतीत पार्टीला तबकड्या वाजवल्या. गाण्यात गायक थांबतो आणि नुसता ठेका वाजत राहतो तेवढाच तुकडा तो दोन तबकड्यांवर आलटून पालटून लांबवायचा. त्या तुकड्यावर पोरं जमिनीवर हात टेकून, गिरक्या घेऊन नाचू लागली. त्याच वस्तीत पुढे दोघांनी समोरासमोर उभं राहून शब्दांनी एकमेकांना लोळवायची रीत वाढली. ते लोण मुंबईला पोहोचलं. २०१५ साली डिव्हाइन आणि नेझी यांचं 'मेरे गली में' आलं, २०१९ साली 'गली बॉय' सिनेमा. धारावीच्या सेव्हन बंटाईज या टोळक्याने अनेक भाषांत रॅप केला, त्यात मराठीही होती. स्वदेसी या गटाने २०१९च्या सुमारास आरेच्या जंगलातले वारली कलावंत प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन 'द वारली रिव्होल्ट' केलं, आणि मराठी रॅपला जमिनीचा विषय मिळाला. डबलबारी ऐकत वाढलेल्या माणसाला यातलं काही समजावून सांगावं लागत नाही. आधी गुरूचं नाव घ्यायचं, मग आपली फुशारकी, मग समोरच्याचं वाक्य त्याच्याच गळ्यात अडकवायचं. फरक एकच: भजनात समोर देव मांडलेला असतो, त्यामुळे शिवी उघडी देता येत नाही. ती घडी घालून द्यावी लागते, आणि घडी जितकी नेटकी तितका मांडव खूश.

आता रस्ता. या जिल्ह्यात शिमगो गावागणिक पाच दिवसांपासून पंधरा दिवसांपर्यंत चालतो. होळी उभी राहते, मानकरी गाऱ्हाणं घालतात, जमलेला गाव प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणून साथ देतो, आणि ढोल सुरू होतात. कुडाळकडच्या गावांत रोंबाट निघतं. ढोलताशे, सोंगं, पुराणातल्या प्रसंगांचे मोठाले देखावे, आणि त्यांच्या मागेपुढे नाचणारा सगळा गाव. नेरूरचं रोंबाट बघायला तर लांबून माणसं येतात. सीमेपलीकडे गोव्यात याचाच भाऊबंद रोमटामेळ. तिथे सरकारने शिगमोच्या मिरवणुका पणजी, म्हापसा अशा शहरांत नेल्या, बक्षिसं लावली, आणि नाच परीक्षकांसमोर गेला. आमच्याकडे तो अजून बराचसा देवासमोर आहे. कुठला चांगला, या वादात मी पडणार नाही. बक्षिसाने पथकं टिकली हे खरं, आणि बक्षिसाने सगळी पथकं एकसारखी दिसू लागली हेही खरं.

शिमग्यातच घरोघर राधा नाचते. साडी नेसलेला पुरुष, पायात चाळ, सोबत मृदंग. पिंगुळीच्या ठाकर समाजाकडे राधानृत्य आहे, चित्रकथी आहे, कळसूत्री बाहुल्या आहेत. त्या कला सांभाळणारे आणि आपल्या गोठ्यात त्यांचं संग्रहालय उभं करणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. किनाऱ्यावरच्या गाबीत वस्तीत शिमग्याच्या रात्री फागगीतं म्हटली जातात. आणि रस्त्याला येणारा-जाणारा अडवून शबय मागणारी पोरं असतात, ती तर नाचल्याशिवाय पैसे मागतच नाहीत.

या सगळ्यात एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. हे नाच कुणाकडे तरी तोंड करून उभे राहत नाहीत. गणपतीतली फुगडी गोलात चालते. बायकांची तोंडं एकमेकींकडे असतात, बघणाऱ्यांना पाठी दिसतात. रोंबाट चालत जातं, त्याला पुढची बाजूच नाही. नाच आहे तो नाचणाऱ्यांसाठी आणि देवासाठी, बघणारा फुकटचा. व्हिडिओने पहिला बदल केला तो इथे. कॅमेऱ्याला समोरची बाजू लागते. अलीकडे फुगडी-स्पर्धांत पाहा: एकाच रंगाच्या साड्या, आणि पुरा गोल आता घोड्याच्या नालेसारखा एका अंगाने उघडा. ज्या बाजूला परीक्षक आणि मोबाइल, ती बाजू मोकळी. कुणी शिकवलं नाही, कुणी सांगितलं नाही. बायकांनी आपणच ओळखलं की आता चौथी भिंत त्या बाजूला आहे.

पडद्यावरच्या नाचगाण्याशी या जिल्ह्याचं नातं मात्र मोबाइलच्या पुष्कळ आधीचं. वसंत देसाई १९१२ साली कुडाळजवळच्या सोनवडे गावी जन्मले. त्या मुलखात तेव्हा दशावतार होता, कीर्तन होतं, भजन तर प्रत्येक देवळात. मुलगा प्रभात कंपनीत गेला, शांतारामबापूंच्या हाताखाली वाढला, आणि १९५५ साली 'झनक झनक पायल बाजे' या संपूर्ण नाचावर उभ्या असलेल्या रंगीत चित्रपटाचं संगीत त्याने दिलं. गोपीकृष्णांची पावलं आणि देसाईंचे ठेके यांनी हिंदी पडद्यावरचं शास्त्रीय नृत्य घरोघर नेलं. तो नाच बघून लोक थक्क झाले. पण वरातीत कुणी तो नाचलं नाही. नाचणं शक्यच नव्हतं. आठ-दहा वर्षं कथक शिकल्याशिवाय ती गिरकी येत नाही.

वरातीचा नाच दिला तो दुसऱ्याच एका गृहस्थांनी. भगवान आबाजी पालव. पालव म्हटल्यावर आमच्याकडचा माणूस कान टवकारतो, कारण हे आडनाव इथे वाडीवाडीत आहे. पण भगवानदादांचा जन्म १९१३चा, अमरावतीचा, बाप गिरणीकामगार, आणि सगळी हयात मुंबईत गेली. मारामारीचे सिनेमे करता करता त्यांनी १९५१ साली 'अलबेला' काढला. सोबत गीता बाली, संगीत सी. रामचंद्रांचं. अंगाने आडवा, उंचीला बेताचा हा माणूस पडद्यावर नाचला कसा? पाय जवळजवळ जागेवरच. खांदे हलतात, हात कोपरातून वर जातात, कंबर किंचित लचकते, डोकं ठेक्यावर डुलतं आणि चेहऱ्यावर 'मला मजा येते आहे' हा भाव. बस्स.

हा नाच रस्त्याने डोक्यावर घेतला याचं कारण साधं आहे, आणि नृत्यावर लिहिणारे लोक ते क्वचित सांगतात. मिरवणुकीत माणसाच्या वाट्याला दीड हात जागा येते. डाव्या बाजूला मेहुणा, उजव्या बाजूला अनोळखी माणूस, मागे बेंजोची गाडी. उडी मारता येत नाही, गिरकी घेता येत नाही, पाय पसरला तर चेंगरतो. मोकळं असतं ते फक्त खांद्याच्या वरचं आभाळ. भगवानदादांचा नाच नेमका त्या मापाचा होता. लुंगीत जमतो, लेंग्यात जमतो, पोट सुटलेल्याला जमतो. गणपतीच्या मिरवणुका दादरला त्यांच्या चाळीसमोर थांबायच्या, बँडवाले 'अलबेला'चं गाणं वाजवायचे आणि पडत्या काळातले भगवानदादा खाली येऊन नाचायचे, ही आठवण पुष्कळांनी सांगितली आहे. बंगला गेला, गाड्या गेल्या, नाच राहिला. अमिताभ बच्चन यांच्या पडद्यावरच्या पावलांत त्यांची ढब जाणकारांना दिसते. मला ती गावच्या प्रत्येक विसर्जनात दिसते. ४ फेब्रुवारी २००२ रोजी ते गेले. २०१६ साली त्यांच्यावर 'एक अलबेला' हा मराठी सिनेमा निघाला. मंगेश देसाई भगवानदादा झाले, विद्या बालन गीता बाली. या पुस्तकातलं सर्वांत मोठं प्रकरण भगवानदादांचं आहे. ते थोडं लांबलं आहे हे मला ठाऊक आहे.

(जाता जाता: मराठी भावगीताला या जिल्ह्याने दोन थोर कवी दिले. मंगेश पाडगावकर वेंगुर्ल्याचे, आरती प्रभू म्हणजे चिं. त्र्यं. खानोलकर वेंगुर्ल्याजवळच्या बागलांच्या राईचे. दोघांची गाणी अख्ख्या महाराष्ट्राच्या ओठांवर बसली आणि त्यांतल्या बहुतेकांवर पाऊल उचलत नाही. लोकप्रिय असायला गाणं नाचाचंच असावं लागतं असा समज हल्ली झाला आहे, म्हणून ही नोंद.)

गाणं ऐकायचं की बघायचं, हा प्रश्न १ ऑगस्ट १९८१ला अमेरिकेत एमटीव्ही सुरू झाली तेव्हा निकालात निघाला. योगायोग असा की त्याच वर्षी, १ मेला, रत्नागिरीतून वेगळा होऊन सिंधुदुर्ग जिल्हा झाला होता. दोन घटनांचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही, पण दोन्ही एकाच वयाच्या आहेत हे लक्षात राहतं. १९८३ साली मायकेल जॅक्सनने 'बीट इट'च्या व्हिडिओत लॉस एंजेलिसच्या रस्त्यावरच्या टोळ्यांमधली खरी पोरं उभी केली, वर्षअखेरीस 'थ्रिलर' आलं, आणि रस्त्यावरचा नाच पडद्यावर जाऊन जगभरच्या रस्त्यांवर परत उतरू लागला. आमच्याकडे तो मिथुन चक्रवर्ती आणि जावेद जाफरी यांच्या वाटेने आला. चाळीच्या गच्चीवर पोरं अंगातून वीज गेल्यासारखी हातांची लाट करायची आणि मे महिन्यात गावी आली की खळ्यात करून दाखवायची. १ नोव्हेंबर १९९६ रोजी खुद्द जॅक्सन मुंबईत अंधेरीच्या क्रीडासंकुलात नाचून गेला. विमानतळावर सोनाली बेंद्रेने त्याचं नऊवारीत स्वागत केलं. २६ जानेवारी १९९८ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली. त्याआधी एसटीच्या रातराणीने यायचं ते नवं गाणं, नवी पावलं, नवी केशरचना आता दर आठवड्याला कुडाळ-कणकवलीला उतरू लागली.

मराठीत व्हिडिओचं गाणं खरं गाजलं ते नव्या शतकाच्या सुरुवातीला. अवधूत गुप्ते यांचं संगीत, वैशाली सामंत यांचा आवाज आणि पडद्यावर इशिता अरुण व मिलिंद गुणाजी: 'ऐका दाजीबा' हिंदी वाहिन्यांवरही वाजलं. २००६ साली केदार शिंदे यांच्या 'जत्रा'त अजय-अतुलचं 'कोंबडी पळाली' आलं, आनंद शिंदे आणि वैशाली सामंत यांनी गायलेलं. सहा वर्षांनी तीच चाल 'अग्निपथ'मध्ये हिंदी शब्द घालून गेली आणि 'चिकनी चमेली' झाली. आयुष्यभर सिनेमाची चाल उचलून गजर बांधणाऱ्या आमच्या बुवांना यात न्याय दिसला असेल. इथे चाल आमची होती, शब्द त्यांचे. २०१६च्या 'सैराट'मधल्या 'झिंगाट'ने तर भाषेचा अडसरच उडवला. त्यातला नाच कुणी शिकवल्यासारखा दिसत नाही, गावातली पोरं जशी नाचतात तशी ती नाचतात, आणि त्यामुळेच गावोगावच्या पोरांनी तो परत आपल्याकडे घेतला. जळगावकडच्या संजू राठोडच्या 'गुलाबी साडी'ने २०२४ साली मराठी येत नसलेल्यांनाही नाचवलं.

मधल्या काळात गाण्याची लांबी आटली. टिकटॉकवर २०२०च्या जूनअखेरीस बंदी आली, पंधरा दिवसांच्या आत इन्स्टाग्रामचं रील्स भारतात सुरू झालं, आणि आता गाणं म्हणजे अर्धं मिनिट व त्यातली एक ठरलेली हालचाल. २०२३च्या 'महाराष्ट्र शाहीर'मधलं 'बहरला हा मधुमास' अनेकांना पूर्ण ऐकून ठाऊक नाही. पाऊल मात्र ठाऊक आहे. मी याला ऱ्हास म्हणणार नाही. दीड हात जागेसाठी भगवानदादांचा नाच जसा योग्य, तसा मोबाइलच्या उभ्या चौकटीसाठी हा. माझी तक्रार दुसरी आहे. पूर्वी चाल आली की गाव तिच्यावर आपले शब्द घालायचा. आता चाल, शब्द, पाऊल, एवढंच काय चेहऱ्यावरचं हसूसुद्धा तयार येतं, आणि आपण त्याची नक्कल जशीच्या तशी करतो. जितकी हुबेहूब, तितकी शाबासकी.

आणि मालवणचा किनारा? तो या व्हिडिओंत आहेच की. तारकर्ली, देवबाग, भोगवे, निवती, सगळे आहेत. ड्रोन वरून फिरतो, निळं-हिरवं पाणी दिसतं, पाठीमागे सिंधुदुर्ग किल्ला. वाळूवर नाचणारे बाहेरचे, गाणं बाहेरचं, आणि कोळीगीत असेल तर पेहरावही बाहेरचा. वेसावकर आणि मंडळींनी वेसाव्याच्या कोळ्यांचं गाणं कॅसेटवर आणलं आणि गाजवलं, ते त्यांचं स्वतःचं होतं, खणखणीत होतं. पण पुढे समुद्र म्हटला की तेच रुमाल आणि तोच ठेका असा साचा पडला, आणि मालवणच्या वाळूवर उभं राहून लोक वेसाव्याचं सोंग घेऊ लागले. इथला मासेमार गाबीत आहे. त्याचा फाग वेगळा, त्याची रापण वेगळी. रापणीच्या जाळ्याचे दोर दोन्ही बाजूंनी ओढताना माणसं ज्या तालात मागे रेलतात तो ताल मी एकाही गाजलेल्या व्हिडिओत पाहिलेला नाही. व्हिडिओतला नाखवा सदा खुशीत. किनाऱ्यावरचा रापणकर मात्र पर्ससीनवाल्यांशी आणि एलईडी लावून मासे ओढणाऱ्यांशी वर्षानुवर्षं भांडतो आहे; पर्ससीनवर निर्बंध घालणारा सरकारी आदेश २०१६च्या फेब्रुवारीत निघाला, भांडण संपलं नाही. या भांडणावर एखाद्या मालवणी पोराने रॅप केला तर तो नारळीपौर्णिमेला बंदरजेटीवर लावायला हवा, नारळ लढवायला जमलेल्या गर्दीसमोर.

दशावताराबद्दल या पुस्तकात स्वतंत्र प्रकरण नाही. तो विषय मोठा आहे आणि त्यावर जाणत्यांनी लिहिलं आहे. तरी एक-दोन गोष्टी सांगायला हव्यात. जो समाज लिखित संहितेशिवाय रात्रभर नाटक उभं करतो, पेटी-मृदंग-झांजेवर राजाला नाचवत आणतो, पुरुषाला नेसवून राणी करतो, त्याला 'परफॉर्मन्स' शिकवायची गरज नव्हती. पडद्याने टक्कर दिली तेव्हा दशावताराने 'ट्रिकसीन' आणले, नामवंत नट एकत्र करून 'संयुक्त दशावतार' लावले. नाकं मुरडणारे होते, अजून आहेत. पण मांडव भरले. १२ सप्टेंबर २०२५ला सुबोध खानोलकर यांचा 'दशावतार' सिनेमा आला आणि दिलीप प्रभावळकरांच्या बाबुली मेस्त्रीने ज्यांनी कधी धयकालो, म्हणजे दशावताराचा खेळ, पाहिला नाही त्यांनाही तो रंगवलेला चेहरा दाखवला. आता प्रश्न रात्रीचा आहे. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. सणासुदीला सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं, तीही वर्षात जास्तीत जास्त पंधरा दिवस. डीजेच्या भिंतींसाठी हा नियम हवाच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तो रात्रभर चालणाऱ्या दशावताराला आणि डबलबारीला त्याच फुटपट्टीने मोजतो, एवढंच.

पुढच्या प्रकरणांचा क्रम काळाप्रमाणे नाही. बुवा, शिमगा, भगवानदादा, कोळीगीताची कॅसेट, वरातीतला बेंजो, नालासोपारा-वसईच्या पोरांची नृत्यपथकं, आणि शेवटी मोबाइल, असा तो ढोबळ आहे. वसई-नालासोपाऱ्याचा उल्लेख कुणाला उपरा वाटू नये. गिरणगाव मोडल्यावर कोकणातली कितीतरी कुटुंबं तिकडे सरकली, आणि सुरेश मुकुंद यांच्या 'किंग्ज' या पथकाने २०१९ साली अमेरिकेतली 'वर्ल्ड ऑफ डान्स' जिंकली तीही तिथल्याच गल्ल्यांत सराव करून. रत्नागिरीचा बाल्या नाच आणि शक्ती-तुरा यांचा उल्लेख ओझरता आहे. तो त्यांचा अपमान नव्हे, माझा मुलूख खाली आहे.

या सगळ्यातून माझी एक कसोटी तयार झाली, ती आधीच सांगून टाकतो म्हणजे वाचकाला माझ्याशी भांडायला सोपं जाईल. गाणं किती कोटींनी पाहिलं यावरून मी ते लोकप्रिय मानत नाही. ज्या चालीवर गावातल्या माणसाला आपले शब्द घालावेसे वाटले, ती चाल लोकांची झाली. या मापाने पाहिलं तर गेल्या दहा वर्षांतली पुष्कळ गाजलेली गाणी बाद होतात. 'झिंगाट' टिकतं. त्यावर बांधलेले गजर मी ऐकले आहेत.

आता एक व्यवहाराची बाब. २०१२च्या कॉपीराइट दुरुस्तीने सिनेमातल्या गीतकाराला आणि संगीतकाराला रॉयल्टीचा वाटा दिला. तो त्याला लिहून देऊनही सोडता येत नाही. यूट्यूबच्या यंत्रणेला चाल ओळखता येते. गावच्या मंडळाने गजराचा व्हिडिओ टाकला तर मूळ चालीचा मालक कोण हे यंत्राला कळू शकतं आणि त्यावरचे पैसे तिकडे वळू शकतात. यात अन्याय नाही. पण त्या चालीवर नवे शब्द कोणी बांधले, हे यंत्राला कळत नाही आणि व्हिडिओखाली कुणी लिहितही नाही. 'जबरदस्त गजर, एकदा ऐकाच' एवढंच लिहिलेलं असतं. बुवांचं नाव निदान बॅनरवर तरी असतं. पखवाज कोण वाजवतो आहे, राधा कोण झाला आहे, फुगडीचं गाणं कुणाच्या आजीकडून आलं, याचा पत्ता नसतो. हे पुस्तक लिहिताना मला सर्वांत जास्त वेळ या नावांना लागला आणि पुष्कळ नावं मिळाली नाहीत.

म्हणून गावोगावच्या मंडळांना, चॅनेलवाल्या पोरांना आणि मिरवणुकीत मोबाइल उंच धरणाऱ्या प्रत्येकाला विनंती आहे. व्हिडिओ टाकताना खाली चार ओळी लिहा: गाव कोणतं, वर्ष कोणतं, गाणारा आणि वाजवणारा कोण, शब्द कोणाचे. नाचणाऱ्याला विचारा आणि तो हो म्हणाला तर त्याचंही नाव घाला.